छापलंय का कुठं?

कोल्हापुरात माहिती हवी असली तर पुस्तक उघडावं लागत नाही. मिरजकर तिकटीला चहाच्या गाड्यापाशी उभं राहायचं आणि खासबाग मैदान कधी झालं, एवढं जरा मोठ्यानं विचारायचं. चार उत्तरं येतात आणि चारही ठाम असतात. त्यातलं एक तरी "आमच्या आज्ज्यानं डोळ्यानं बघितलंय" या पुराव्यानिशी येतं. तालमीचा इतिहास वस्तादाला पाठ, पंचगंगेच्या पुराच्या खुणा घाटावरच्या माणसाला पाठ, कुठल्या सिनेमाचं शूटिंग कुठल्या वाड्यात झालं ते त्या वाड्यातल्या म्हातारीला पाठ. या गावानं आपली माहिती कागदापेक्षा जिभेवर जास्त सांभाळली. त्यामुळं इथला माणूस मराठी विकिपीडियावर लिहायला बसला की संगणक त्याला फारसा आडवा येत नाही. आडवी येते ती वाक्याच्या शेवटी कुणीतरी चौकटी कंसात टाकून गेलेली खूण : संदर्भ हवा.

मी पोटापाण्यानं मुद्रितशोधक. खिळे जुळवायच्या शेवटच्या दिवसांत कामाला लागलो. गॅलीवरून उतरवलेली ओली प्रुफं वाचली, पुढं डीटीपीची कोरडी वाचली आणि निवृत्त झालो. त्या सुमारास राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकारानं मराठी भाषा पंधरवड्यात जागोजागी विकिपीडियाच्या कार्यशाळा होत होत्या. आमच्याकडच्या एका महाविद्यालयात अशीच एक होती, तिथं जाऊन बसलो. शिकवणारी मुलगी माझ्या मुलीच्या वयाची. "काका, तुम्हाला कशावर लिहायचंय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "लिहायचं काही नाही, दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचंय." तिनं लगेच माझी खुर्ची आपल्या टेबलाशेजारी ओढून घेतली.

तिथं जे शिकलो ते सांगण्याआधी मागं जायला हवं, कारण लोकांकडून माहिती गोळा करून ती एका ठिकाणी छापायचा उद्योग या गावाला नवा नाही. कोल्हापूर संस्थानचा पहिला मोठा छापील लेखाजोखा १८५४ चा, मेजर ग्रॅहॅम या इंग्रज अधिकाऱ्याचा. त्यानंतर मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा चोविसावा खंड आला, १८८६ मध्ये, आणि तो सबंध कोल्हापूरवर आहे. नद्या, घाट, पिकं, बाजार, देवळं, जाती, सगळं त्यात आहे. ही मालिका ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून मागवलेल्या टिपणांवर उभी राहिली. त्या अधिकाऱ्यांना टिपणं कुणी दिली असतील? मामलेदार कचेरीतल्या कारकुनांनी, पाटील-कुलकर्ण्यांनी. त्यांची नावं त्या पानांवर शोधून सापडायची नाहीत. सांगणारे आपले, छापणारे साहेब.

हा खंड अजून मेलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावांवरचे लेख उघडा, इंग्रजीतले असोत वा मराठीतले, त्याच्या पाऊलखुणा सापडतात. नव्या संपादकाला तो देवासारखा वाटतो, कारण छापील आहे, जुना आहे आणि हक्कमुक्त आहे. पण त्यातलं काय उचलायचं याला तारतम्य लागतं. पुलाची लांबी उचला, बाजाराचा वार उचला. अमुक जातीचे लोक स्वभावानं कसे, याबद्दल साहेबानं जे लिहिलंय ते मात्र साहेबाबद्दलची माहिती म्हणून वाचावं. माझ्या मते नवशिक्यासाठी हा पहिला धडा असायला हवा. कार्यशाळेत तो तिसऱ्या तासाला आला आणि तोवर निम्मे लोक चहाला गेले होते.

इंग्रजीतून असा संग्रह होत असताना मराठीतून ज्ञान छापायची खटपट इथं एका प्राध्यापकानं केली. विष्णु गोविंद विजापूरकर राजाराम कॉलेजात शिकवायचे. १८९४ मध्ये त्यांनी 'ग्रंथमाला' मासिक सुरू केलं. मोठे ग्रंथ हप्त्याहप्त्यानं छापून वर्गणीदाराच्या घरी पोचवायचे, ही कल्पना. पुढं त्यांनी 'विश्ववृत्त' काढलं. त्यात श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा एक लेख छापला आणि १९०८ मध्ये सरकारनं त्यात राजद्रोह पाहिला. विजापूरकरांना तुरुंगात जावं लागलं आणि त्यांच्याबरोबर वामन मल्हार जोशींनाही. तेच वामन मल्हार, पुढं 'रागिणी' लिहिणारे. लेख सातवळेकरांचा, शिक्षा संपादकांना.

ही हकिगत मी नव्या संपादकांना मुद्दाम सांगतो, कारण त्यांना वाटतं हे काम म्हणजे निवांत घरबसल्या विरंगुळा. २०२५ च्या फेब्रुवारीत इंग्रजी विकिपीडियावरच्या छत्रपती संभाजी महाराजांच्या लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरनं विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस धाडली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. मजकूर योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवू. पण आपण पगारी नाही, आपलं खरं नाव कुठं झळकत नाही, म्हणून आपली जबाबदारीही नाही, असं समजून कुणी या कामात पडू नये.

मराठीतल्या कोशाचा पाया घातला तो श्रीधर व्यंकटेश केतकरांनी. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस परत आला आणि मराठीत ज्ञानकोश काढायचा म्हणून त्यानं चक्क कंपनी काढली. ज्ञानकोश मंडळ, लिमिटेड. नागपुरात सुरुवात झाली, पुढं बाडबिस्तरा पुण्याला आला. भाग विकले, गावोगाव वर्गणीदार मिळवले. १९२० नंतरच्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड निघाले. त्यातले पहिले पाच नुसते प्रस्तावनेचे. अकारविल्हे नोंदी हव्या असलेल्या वर्गणीदारानं पहिला खंड उघडला तर समोर 'हिंदुस्थान आणि जग'! केतकरांच्या हट्टाचं मला नेहमी कौतुक वाटतं. त्या वर्गणीदाराची कीवही येते.

केतकरांनी या सगळ्या उपद्व्यापाचा इतिहास स्वतःच लिहून ठेवलाय, 'माझें बारा वर्षांचें काम' या नावानं. कोश वाचणाऱ्यांपेक्षा कोश करणाऱ्यांनी ते पुस्तक जास्त वाचावं. पैसा, माणसं, छापखाना, रुसवेफुगवे, सगळं त्यात आलंय. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे या जोडीनं पुढं १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. आमच्या छापखान्यात ते खंड मुद्रितशोधकाच्या टेबलावर असायचे. पुठ्ठे निखळलेले, कडा काळ्या झालेल्या. ऱ्हस्वदीर्घावरून लेखकाशी वाजलं की दाते-कर्व्यांच्या दरबारात निकाल.

मग मराठी विश्वकोश. १९६० मध्ये राज्य झालं आणि त्याच वर्षी साहित्य संस्कृती मंडळ निघालं. अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. त्यांनी कोशाचं बिऱ्हाड वाईत थाटलं. पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. म्हणजे 'अ'ची नोंद आणीबाणीत छापलेली आणि वर्णमालेच्या शेपटाची नोंद हातोहाती मोबाइल आल्यावर. छापील कोशाचा हा जन्मजात दोष. शेवटचं अक्षर येईपर्यंत पहिलं शिळं होतं आणि नवी आवृत्ती काढायची तर पुन्हा चाळीस वर्षं. पण वाईची शिस्त जबर होती. तज्ज्ञानं नोंद लिहायची, संपादकांनी ती तासायची, परिभाषा जुळवायची, मग ती छापायला जायची. त्या नोंदीवरून आत काय वादावादी झाली ते वाचकाला कधीच कळायचं नाही. प्रुफं रद्दीत जातात. मी स्वतः पोत्यानं पाठवलीत.

इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ चा, मराठी १ मे २००३ चा. महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त. त्या काळात संगणकावर मराठी म्हणजे काय प्रकार होता ते आज सांगून पटायचं नाही. छापखान्यातलं मराठी श्रीलिपीसारख्या फॉन्टात असायचं. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथं पानभर इंग्रजी कचरा उमटायचा. युनिकोड आलं होतं, पण ते चालू कसं करायचं हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. अशा दिवसांत काही मंडळींनी, त्यातली कित्येक सातासमुद्रापलीकडं राहणारी, एकेक पान टंकायला घेतलं. त्यांनी कामाच्या जागांना नावंही झकास दिली. सराव करायचा ती धूळपाटी. सगळ्यांनी मिळून वाद घालायचे ती चावडी. प्रचालक म्हणजे व्यवस्था बघणारा. आणि एकसुरी काम मुकाट्यानं करणारी संगणक-आज्ञावली म्हणजे सांगकाम्या. कुणाच्या डोक्यातून ही नावं निघाली माहीत नाही, पण त्या माणसाला एकदा चहा पाजायला आवडेल.

आज तिथले लेख लाखाच्या आसपास गेलेत. त्यातली बरीच पानं दोनदोन ओळींची. एखाद्या गावाचं नाव, तालुका, जिल्हा, संपलं. नवा माणूस आला की त्याला नवं पान काढायची खुमखुमी असते, कारण पान आपल्या हातून जन्मलं हे इतिहासात दिसतं. असलेल्या पानात भर घालणारा, अनुस्वार सुधारणारा माणूस कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. मुद्रितशोधकाला याचं काही वाटत नाही. त्याचं नाव पुस्तकावर पूर्वीही नसायचं.

उलट इथं माझी मजाच झाली. प्रत्येक लेखाला 'इतिहास पहा' अशी एक कळ असते. ती दाबली की त्या लेखाचं पहिल्या दिवसापासूनचं प्रत्येक प्रूफ समोर येतं. कुणी कधी काय घातलं, कुणी काय काढलं, कुणी कुणाचं उलटवलं, कशासाठी, सगळं. काहीही रद्दीत गेलेलं नसतं. उत्पात करणाराही आपली सही ठेवून जातो. लेखावर बसल्यापेक्षा मी या पानांवर जास्त बसतो. घरचे म्हणतात, बाबा कसल्या जमाखर्चाच्या वह्या वाचत असतात कोण जाणे.

डोळ्यांना मात्र नवी सवय लावावी लागली. जुन्या धंद्यात चूक दिसायची. खिळा उलटा बसला, मात्रा तुटली, काना उडाला, सगळं कागदावर. इथं न दिसणाऱ्या चुका असतात. 'ॲ' हे अक्षर घ्या. युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधी लोक 'अ' टंकून त्यावर वेगळा चंद्र चढवत आणि अजूनही कित्येक कळफलकांवरून तसाच चढतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. शोधात एक सापडतो, दुसरा नाही. 'किनाऱ्यावर' मधल्या अर्ध्या र चंही तेच. कुणी खाली टिंब असलेला ऱ वापरतो, कुणी साधा र घेऊन हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. लेखाच्या शीर्षकात एक प्रकार आणि दुव्यात दुसरा असला की पान अस्तित्वात असूनही दुवा लाल दिसतो, म्हणजे 'असं पान नाही'. तो भाबडा माणूस मग तेच पान पुन्हा तयार करतो. पन्हाळ्याच्या दऱ्यांत, रंकाळ्याच्या किनाऱ्यावर, संस्थानच्या अधिकाऱ्यांकडं. अर्ध्या र शिवाय कोल्हापूरचा इतिहास लिहिता येत नाही, त्यामुळं आमच्या वाट्याला ही पीडा जरा जास्त.

माझं मन खरं रमलं ते शेजारच्या घरात, विकिस्रोतात. तिथं जुनी, हक्कमुक्त पुस्तकं जशीच्या तशी उतरवून ठेवतात. आपल्याकडं लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. केतकर १९३७ ला गेले, त्यांचं लेखन कधीच मोकळं झालंय. विजापूरकर १९२६ ला गेले, तेही मोकळे. आमच्या वि. स. खांडेकरांसाठी मात्र २०३६ साल संपेपर्यंत थांबायचं. विकिस्रोतात पडद्याच्या एका बाजूला पानाचं छायाचित्र, दुसऱ्या बाजूला यंत्रानं वाचलेला मजकूर. यंत्राला 'घ' आणि 'ध' कळत नाही, 'भ' आणि 'म' कळत नाही, 'ख'चा 'रव' होतो. माणसानं ओळ ओळ ताडून बघायचं. न तपासलेलं पान लालसर असतं. एकानं तपासलं की पिवळं होतं. ते हिरवं करायचं तर दुसऱ्याच माणसानं पुन्हा वाचावं लागतं. पिवळं करणाऱ्याला हिरव्याची कळ मिळतच नाही. चांगल्या छापखान्यात दोन वाचनं व्हायची ती अशीच, दोन वेगळ्या माणसांकडून. पुढं खर्च वाचवायला मालकांनी दुसरं वाचन बंद केलं आणि मग पहिलंही. फुकट चालणाऱ्या या कारखान्यात ते टिकून आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि तिथली एक शिस्त माझ्यासारख्याला फार जड जाते. दुरुस्त करायचं नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ चे, १९७२ मध्ये त्यात आणखी चारांची भर पडून अठरा झाले. मी त्या अठरांवर वाढलो. समोर १९०० च्या आसपासचं पान असलं की त्यात 'माझें', 'केलें', 'नाहीं', टिंबांचा नुसता पाऊस. हात शिवशिवतो. पण पान त्या काळचं आहे, टिंब राहिलं पाहिजे.

विकिपीडियावर परत येऊ. कोल्हापूरच्या इतिहासावर काम करणाऱ्यानं आधी राजाराम नावाची कुंडली मांडून घ्यावी. एक राजाराम शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव, ताराबाईंचे पती, १७०० साली सिंहगडावर गेले. दुसरे कोल्हापूरचे तरुण महाराज, युरोपच्या प्रवासातून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले. त्यांचं स्मारक आजही त्या शहरात नदीकाठच्या बागेत उभं आहे आणि इथलं राजाराम कॉलेज त्यांच्याच नावाचं. तिसरे राजर्षी शाहूंचे चिरंजीव, १९४० मध्ये वारले. राजारामपुरी त्यांची. लेखात नुसतं 'राजाराम महाराज' असं लिहून दुवा दिला की तो कुठं जाऊन पडेल याचा नेम नाही. फ्लॉरेन्सला वारलेल्या माणसानं राजारामपुरी वसवली असं वाक्य तयार होतं आणि ते वाचून कुणाला काही खटकतही नाही. शाहूंचंही असंच. साताऱ्याचे शाहू १७४९ ला गेले, कोल्हापूरचे १९२२ ला. नि:संदिग्धीकरणाचं पान नावाची सोय त्यासाठीच आहे. एका नावाची सगळी माणसं रांगेनं उभी करायची आणि वाचकाला म्हणायचं, तुमचे कोणते ते निवडा.

शाहू महाराजांवरून आठवलं. जुन्या पुस्तकांत त्यांची जन्मतारीख २६ जुलै १८७४ मिळते. आज मान्य आहे ती २६ जून आणि सामाजिक न्याय दिन त्याच दिवशी असतो. त्यात भर म्हणजे मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा त्यांचा प्रसिद्ध हुकूम २६ जुलैचाच, १९०२ चा. अशा ठिकाणी हातात छापील ग्रंथ घेऊन आलेला माणूस मोठ्या हिरिरीनं जून खोडून जुलै करतो. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या पुस्तकात तसंच छापलेलं असतं. मग चर्चापानावर जाऊन सांगावं लागतं की बाबा, छापलेल्या दोन गोष्टी भांडायला लागल्या की नवं संशोधन काय म्हणतं ते बघायचं आणि जुनी तारीख का मिळते तेही लेखात एका ओळीत नोंदवायचं. पुसून टाकायचं नाही. नाहीतर पुढच्या जुलैत दुसरा येतो.

आदराचा प्रश्न याहून नाजूक. कोशात शीर्षकाला उपाध्या लावत नाहीत, डॉक्टर नाही, पद्मश्री नाही, राजर्षी नाही. आता कोल्हापुरात बसून नुसतं 'शाहू' असं टंकायला बोटं धजत नाहीत. कुणी तसं ठेवलं की दुसरा महाराज लावतो, तिसरा छत्रपती, चौथा लोकराजा. निम्मं युद्ध मजकुराचं नसतंच, मानाचं असतं. मी स्वतः आदरार्थी बहुवचनावर कधीच तडजोड करत नाही. 'शाहू होता' असं मराठीत कुणी म्हणत नाही आणि तटस्थपणासाठी भाषा मोडायची गरज नाही. पण 'जगप्रसिद्ध', 'सुप्रसिद्ध', 'अजरामर' ही विशेषणं मी डोळे मिटून कापतो. रंकाळ्याच्या लेखातून काप, मिसळीच्या लेखातून काप. कापून पाठ फिरवली की परत येतात.

देवीचं नाव हा तर आमच्याकडचा पेटता विषय. अंबाबाई म्हणायचं की महालक्ष्मी, यावरून इथं आंदोलनं झालीत. कोशानं याचा निवाडा करायचा नसतो. कोण काय म्हणतं, कशाच्या आधारावर म्हणतं, ते मांडायचं. शीर्षक एकच ठेवता येतं, पण पुनर्निर्देशनाची सोय असते. दोन्हीपैकी कुठलंही नाव टंकलं तरी माणूस एकाच देवळात पोचतो. एवढी समजूत रस्त्यावर दाखवायची म्हटली तर पोलीस बंदोबस्त लागेल.

कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत गावाचा अभिमान जरा गिळावा लागतो. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन जाहीर झालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या आणि जो उठला तो चपलेवर बोलू लागला. असल्या वेळी लेखावर गर्दी उसळते आणि बहुतेकांना कर्नाटकातले चार जिल्हे खुपतात. पण सुभाषनगरातल्या कारागिराला विचारा, कातडं कुठून येतं, पट्टी वळणारे हात कुठले, तो सीमेपलीकडची गावंही सहज सांगून जाईल. त्याचं सांगणं लेखात घालता येत नाही, कारण ते छापलेलं नाही. इथं मानांकनाची कागदपत्रं आणि कारागीर एकच गोष्ट सांगतात, म्हणून निभावतं. जिथं कागदच नाही तिथं काय करायचं? तालमी, त्यांचे फुटबॉलचे संघ, शाहिरांचे फड, पेठांतल्या बायकांच्या हाताखालचे उद्योग. शंभर वर्षांचं गाव जिभेवर आहे आणि जीभ हा संदर्भ धरत नाहीत.

नियम कडक आहे आणि बराचसा योग्यही आहे, असं मी म्हणतो. पण छापलेलं म्हणजे तपासलेलं, ही समजूत छापखान्याबाहेरच्या माणसाची. रात्री उशिरा आलेली बातमी कशी लागते, सत्काराच्या पत्रकातलं वय आणि वर्ष जसंच्या तसं कसं उतरतं, ते मी जन्मभर बघितलंय. आता तर वार्ताहर विकिपीडियावरूनच उचलतो आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच बातमीचा संदर्भ विकिपीडियावर डकवतो. म्हणून जुनी वर्तमानपत्रं मला नव्यापेक्षा बरी वाटतात. निदान ती आमच्या लेखांवरून छापलेली नसतात. भाऊसिंगजी रस्त्यावरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं. अशा ग्रंथालयांतून बसून फायली चाळणारे दहा लोक मिळाले तर कोल्हापूरच्या निम्म्या लेखांवरच्या 'संदर्भ हवा'च्या खुणा उतरतील. पण ग्रंथालयात बसायला माणूस मिळत नाही. मोबाइलवर भांडायला हवे तेवढे मिळतात.

परवा आमच्या गल्लीतला तालमीचा एक कार्यकर्ता घरी आला. फुटबॉलचा हंगाम तोंडावर होता.

"काका, परदेशातल्या कुठल्या कुठल्या क्लबांची पानं हाईत. आमच्या तालमीचं का न्हाई वो?"

मी म्हटलं, "करू की. स्थापना कधीची?"

त्यानं साल सांगितलं.

"छापलंय का कुठं?"

"आमची स्मरणिका हाय की. शिवाय दारावर दगडात कोरलंय."

"स्मरणिका तुमचीच आणि दगडही तुमचाच. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं हवं. पुस्तक, पेपर, काहीतरी."

तो जरा विचारात पडला, मग त्याचा चेहरा उजळला. "मग पेपरात आणतो छापून. वार्ताहर आपल्याच पेठंतला हाय."

"आणि तो साल कुठनं आणणार?"

"मी देतो की त्येला!"